पृथ्वीचे फिरणे दाखविणारा फूको

पृथ्वी स्वतःभोवती फिरते, हे आज शाळेतील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. परंतु आपणही तिच्याबरोबरच फिरत असल्यामुळे ते फिरणे आपल्यास जाणवत नाही. हे फिरणे लोकांच्या डोळ्यांसमोर आणून ठेवणारा शास्त्रज्ञ म्हणजे लेआँ फूको होय.

फूकोचा जन्म १८ सप्टेंबर १८१९ रोजी पॅरिस येथे झाला. प्रकृती नाजूक असल्यामुळे त्याचे बरेचसे शिक्षण घरीच झाले. पुढे तो वैद्यक शिकू लागला. पण रक्त पाहणे त्याला सहन होईना, म्हणून त्याने तो मार्ग सोडला. गणिताचे उच्च शिक्षण त्याला लाभले नव्हते. हातांतील कसब आणि सूक्ष्म निरीक्षण हेच त्याचे भांडवल होते.

टांगलेला लंबक झुलू लागला, की तो आपल्या झोक्याची दिशा सोडीत नाही. मग खालची जमीनच फिरत असेल, तर ती दिशा हळूहळू वळताना दिसली पाहिजे, असे फूकोने ताडले. १८५१ च्या जानेवारीत त्याने राहत्या घराच्या तळघरात दोन मीटर लांबीच्या तारेस पाच किलोग्रॅमचा गोळा टांगला. प्रथम तार तुटली. पण त्याने धीर सोडला नाही. काही दिवसांतच त्याला हवे ते दिसले.

मार्च महिन्यात पांथेऑन या भव्य इमारतीच्या घुमटाखाली ६७ मीटर लांबीच्या तारेस २८ किलोग्रॅमचा गोळा टांगण्यात आला. त्याचे टोक खालच्या रेतीत चीर पाडी आणि प्रत्येक झोक्यास ती चीर किंचित सरके. लोक थक्क होऊन पाहत राहत. झोक्याची दिशा तासाला सुमारे सव्वाअकरा अंशांनी वळे. म्हणजे ३६० अंशांच्या पूर्ण फेऱ्यास सुमारे ३२ तास लागावयाचे. ध्रुवावर हा फेरा एका दिवसात पुरा होईल आणि विषुववृत्तावर दिशा मुळीच वळणार नाही. स्थळाच्या अक्षांशावरून हा कोन काढण्याचा नियमही फूकोनेच सांगितला.

पुढे १८६२ मध्ये त्याने वेगाने फिरणाऱ्या आरशाचा उपयोग केला. प्रकाशकिरण दूर जाऊन परत येईपर्यंत हा आरसा अगदी थोडासा वळलेला असे. तेवढ्या कोनावरून त्याने प्रकाशाचा वेग सेकंदास २,९८,००० किलोमीटर ठरविला. आजच्या मोजणीनुसार तो सुमारे २,९९,७९२ किलोमीटर आहे!

एवढे करूनही फ्रान्सच्या विज्ञान अकादमीचे सभासदत्व त्याला १८६५ मध्येच मिळाले. ११ फेब्रुवारी १८६८ रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी, तो निवर्तला. तार, गोळा आणि मूठभर रेती एवढ्या साध्या साधनांनी त्याने पृथ्वीची गती जगाला दाखविली.