चढता-उतरता सूर आणि ख्रिश्चन डॉपलर

साखर हंगामात सदलग्याच्या रस्त्यावरून ऊस उतरवून परतणारे रिकामे ट्रॅक्टर मोठ्या आवाजात गाणी वाजवीत जातात. ट्रॅक्टर जवळ येताना गाणे किंचित चढ्या स्वरात ऐकू येते, पुढे निघून जाताच तेच गाणे उतरते. वेग ताशी ३० किलोमीटर असेल, तर हा उतार पेटीवरच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधील अंतराच्या जवळपास भरतो. ट्रॅक्टरवर बसलेल्या चालकाला मात्र त्याचा पत्ताही नसतो. या उताराचे गणित मांडणाऱ्या ख्रिश्चन डॉपलर यांना त्यापायी आयुष्याच्या अखेरीस बरेच सोसावे लागले.

डॉपलर यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८०३ रोजी साल्झबर्ग येथे पाथरवटाच्या घरी झाला. प्रकृती नाजूक असल्याने वडिलांचा व्यवसाय त्यांना झेपणारा नव्हता. व्हिएन्नात गणित शिकूनही नोकरी मिळेना, तेव्हा त्यांनी सूतगिरणीत हिशेब लिहिले. अमेरिकेला जाण्यासाठी चीजवस्तू विकून झाल्यावर १८३५ मध्ये प्राग येथे अध्यापकाची जागा मिळाली. २५ मे १८४२ रोजी त्याच शहरात त्यांनी आपला सिद्धान्त वाचला. त्याचा विषय होता जोडताऱ्यांचे रंग! ताऱ्यांचे रंग त्यांच्या गतीमुळे दिसतात, हे त्यांचे अनुमान चुकले. गणित मात्र बरोबर होते. १८४५ मध्ये हॉलंडमध्ये बॉइस बॅलट यांनी आगगाडीच्या उघड्या डब्यात तुतारीवादक बसवले, रुळांकडेला जाणत्या कानांचे संगीतकार उभे केले आणि ध्वनीच्या बाबतीत सिद्धान्त खरा ठरला.

तरीही १८५२ मध्ये व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीत गणितज्ञ योझेफ पेट्झवाल यांनी त्यावर हल्ला चढवला. वारा वाहत असतानाही वाद्यवृंदाचा सूर बदलत नाही, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता. हे निरीक्षण खोटे नव्हते, गैरलागू होते. स्थिर वाऱ्यात आवाज थोडा लवकर किंवा उशिरा पोहोचतो, पण प्रत्येक कंपनाला होणारा उशीर सारखाच राहतो. ट्रॅक्टर जवळ येताना हा उशीर सतत घटत जातो. कंपने कानावर दाटीने आदळतात आणि सूर चढतो. ट्रॅक्टर दूर जाताना उशीर वाढत जातो, कंपने विरळ होतात.

सदलग्यातल्या जत्रेत ध्वनिक्षेपक सांभाळणारा हाच भेद बोटांनी जाणतो. ‘इको’चा उशीर एका जागी ठेवला, तर प्रतिध्वनी गायकाच्याच सुरात परततो. आवाज चालू असताना उशिराची कळ फिरवली, तर फिरवण्याच्या काळापुरता प्रतिध्वनीचा सूर घसरतो किंवा चढतो. उशीर काही सहस्रांश सेकंदांचा ठेवून तो हळूहळू कमी-जास्त करीत मूळ आवाजात मिसळला, की एकट्या गळ्याला समूहाचा भरणा येतो. यंत्रातला तो ‘कोरस’ हाच.

अकादमीतील या वादाला डॉपलर यांना तोंड द्यावे लागले. फुप्फुसांच्या आजाराने ते खंगत होते. उबदार हवेसाठी ते व्हेनिसला गेले आणि १७ मार्च १८५३ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी, तेथेच निवर्तले.