एका दिवसाचे महाराज

इंदूरला स्वच्छतेत देशात पहिला क्रमांक मिळाला तो २०१७ साली. तेव्हापासून आम्हा इंदूरकरांची मान जरा जास्तच ताठ झाली आहे, हे पाहुणेमंडळी आम्हाला ऐकवतातच. पण त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, १९१७ च्या दिवाळीत, याच गावातून हजारो गाड्या कचरा बाहेर काढवणारा एक दाढीवाला साहेब होता, हे आमच्या नव्या पिढीला ठाऊक नसते. त्याचे नाव पॅट्रिक गेडीस.

जन्म २ ऑक्टोबर १८५४, स्कॉटलंडमधल्या बॅलटर या गावचा. (हो, तीच गांधीजयंतीची तारीख. योगायोग, दुसरे काय!) वडील फौजेतले, पण मुलाला ओढ झाडापेल्यांची. लंडनला हक्स्लेसारख्या नामवंत शास्त्रज्ञाच्या हाताखाली तो शिकला. पुढे संशोधनासाठी मेक्सिकोला गेला असताना काही काळ त्याची दृष्टी गेली. दृष्टी परत आली, तरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणे संपले. जिवाणू-पेशी पाहणारा माणूस मग गावे पाहू लागला. उपजीविकेसाठी १८८८ पासून डंडी येथे वनस्पतिशास्त्राची प्राध्यापकी होती. ती वर्षातून एका सत्रापुरती असल्याने बाकीचा वेळ हाताशी राही.

तो वेळ गेला एडिंबराच्या जुन्या गावात. सधन लोक नव्या वस्तीत निघून गेले होते आणि जुन्या उंच इमारतींच्या एकेका खोलीत अख्खी कुटुंबे दाटली होती. पडक्या घरांच्या मोकळ्या जागा म्हणजे उकिरडे. वरच्या मजल्यावरून जे नको ते खाली. लग्नाला फार दिवस झाले नव्हते, तरी गेडीस पत्नी ॲना हिला घेऊन तिथेच जेम्स कोर्ट नावाच्या चाळीवजा इमारतीत राहायला गेले. आम्हाला त्यांच्या चरित्रातली ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते. भाषण देऊन संध्याकाळी बंगल्यावर परतणारे सुधारक आपल्याकडेही कमी झाले नाहीत. गेडीस दांपत्याने आधी आपल्याच जिन्याला चुना मारला, खिडक्यांत फुलझाडे लावली, मग शेजाऱ्यांना आणि विद्यार्थ्यांना बरोबर घेतले. पुढे त्यांच्या मंडळींनी जुन्या गावातल्या पडीक जागांची मोजदाद केली, तेव्हा अशा पाऊणशे जागा निघाल्या, सगळ्या मिळून दहा एकर! त्यातल्या काहींवरचा राडारोडा उचलून तिथे बागा केल्या. ते काम त्यांची मुलगी नोरा पाही, आणि बागांची निगा वस्तीतल्या मुलांकडे असे. त्यातल्या एकदोन बागा आजही हिरव्या आहेत.

१९१४ साली ते हिंदुस्थानात आले. नगररचनेचे त्यांचे प्रदर्शन ज्या जहाजातून येत होते ते जर्मनांच्या एम्डेन या युद्धनौकेने बुडवले. त्यांनी पुन्हा नकाशे-चित्रे जमवून १९१५ साली मद्रासला प्रदर्शन भरवलेच. मग संस्थाने आणि नगरपालिका त्यांना बोलावू लागल्या. वडोदऱ्याचा अहवालही त्यांचाच. गल्लीबोळ पाडून रुंद रस्ते काढण्याची त्या काळची इंजिनियरी त्यांना मानवत नसे. मोडके तेवढेच काढा, चांगली घरे, विहिरी, तलाव आणि झाडे राखा, हा त्यांचा आग्रह.

१९१७ मात्र त्यांच्या घरावर वीज पडावी तसे गेले. एप्रिलमध्ये थोरला मुलगा ॲलास्डेअर फ्रान्सच्या रणभूमीवर मारला गेला. ॲना आजारी होती, म्हणून ती बातमी त्यांनी तिच्यापासून लपवून ठेवली. जूनमध्ये तीही गेली. त्याच वर्षी हा माणूस तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या इंदुरात हजर झाला.

गावात प्लेगची धास्ती होती. साहेब नकाशा घेऊन गल्लीत शिरला की लोक दारे लावत. याच्या पायगुणाने प्लेग येतो, घरे पाडली जातात, अशी समजूत. तेव्हा गेडीस यांनी दरबाराकडे अजब मागणी केली: एक दिवस मला महाराज करा. मागणी मान्य झाली. दवंडी पिटली की यंदा दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या आळीतली जास्तीत जास्त घरे झाडून-सारवून, डागडुजी करून तयार असतील, तिकडून जाईल. कचरा फुकट उचलला जाईल. झाले! आळीआळींत चुरस लागली. घरांतून, परसांतून, पडक्या जागांतून सहा हजारांवर गाड्या केर निघाला.

मिरवणुकीत हत्ती, घोडे, फौज होतीच. मागून रोगराईची सोंगे आली, रावणासारखा अस्वच्छतेचा राक्षस आला आणि प्लेगचा भला मोठा उंदीरही. त्यांच्यामागे स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, नवे झाडू घेऊन, फुलांनी सजवलेल्या गाड्यांसह गावाचे सफाई कामगार. ज्यांची सावलीही लोक टाळत, त्यांना त्या दिवशी मिरवणुकीत मान होता. लक्ष्मी आली, नवी नगरदेवता आली, कारागीर आले, तुळशीची रोपे वाटली गेली. शेवटी राक्षस आणि उंदीर दोघांनाही आग लावली. अनंत चतुर्दशीच्या झांक्या पाहत रात्र जागवणाऱ्या इंदूरकरांना हे चित्र डोळ्यांपुढे आणायला कष्ट पडू नयेत.

प्लेग ओसरला. त्यात ऋतू पालटल्याचाही वाटा असणार, हे आम्ही नाकारत नाही. पण लोकांनी साहेबाला दारे उघडली, हे खरे.

पुढच्या वर्षी इंदूरचा दोन खंडांचा अहवाल निघाला. त्यात खान आणि सरस्वती या नद्यांच्या काठांविषयी इतके लिहिले आहे की आज वाचताना मान खाली जाते. १९१९ पासून मुंबई विद्यापीठात ते समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. गोविंद सदाशिव घुर्ये यांना पारखून विलायतेला धाडले ते त्यांनीच. जगदीशचंद्र बोस यांचे चरित्रही त्यांनी लिहिले. प्रकृतीमुळे १९२४ साली त्यांनी हा देश सोडला, आणि फ्रान्समध्ये माँपेलिए गावाबाहेर पडीक माळ विकत घेऊन तिथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह आणि बाग उभी करत बसले. १७ एप्रिल १९३२ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले.