पदवीनंतरचा प्रश्न : गोपाळ गणेश आगरकर

आमचे जुने विद्यार्थी कलाशाखेची पदवी घेऊन भेटावयास येतात, तेव्हां आनंदाबरोबरच त्यांच्या मुद्रेवर चिंताहि दिसते. आतां पुढें काय? पोटास चिमटा घेऊन शिकविणाऱ्या आईबापांचें ऋण एकीकडे, मनांतील ध्येय दुसरीकडे. हाच प्रश्न ज्यांच्यापुढें फार कठीण रूपानें उभा राहिला, त्या आगरकरांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजीं कऱ्हाडजवळील टेंभू या गांवीं गरीब घराण्यांत झाला. लहानपणींच त्यांस कारकुनी करावी लागली. विद्येसाठीं रत्नागिरी, अकोला असे हिंडत ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत पोहोंचले. तेथें त्यांच्यापाशीं एकच सदरा होता. तो रात्रीं धुऊन सकाळीं ते अंगांत घालीत, असें सांगतात. अशा स्थितींत ते १८७८ सालीं बी. ए. व १८८० सालीं एम. ए. झाले.

त्या काळीं एम. ए. झालेल्या तरुणास सरकारी नोकरी व मोठा पगार मिळणें कठीण नव्हतें. घरीं आई त्याच आशेवर दिवस काढीत होती. परंतु कॉलेजांत असतांनाच आगरकर व त्यांचे मित्र बाळ गंगाधर टिळक यांनीं लोकशिक्षणास वाहून घेण्याचा निश्चय केला होता. आगरकरांनीं तो आईपासून लपविला नाहीं. आपल्या हातून सुखाचे दिवस येतील अशी आशा तिनें धरूं नये, पोटापुरतें मिळवून उरलेला वेळ आपण लोकहितास देणार, असें त्यांनीं तिला पत्रानें स्पष्ट कळविलें. तें पत्र ऐकतांना त्या माउलीच्या डोळ्यांपुढें काय उभें राहिलें असेल! आणि तें लिहितांना पुत्राचा हातहि कांपला नसेल काय?

१८८१ सालीं ते न्यू इंग्लिश स्कूलमध्यें शिक्षक व 'केसरी'चे पहिले संपादक झाले. कोल्हापूर प्रकरणांत १८८२ सालीं त्यांनीं व टिळकांनीं डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढले. १८८५ सालीं निघालेल्या फर्ग्युसन कॉलेजच्या उभारणींतहि त्यांचा हात होता. पुढें सामाजिक सुधारणेविषयीं टिळकांशीं मतभेद झाल्यानें त्यांनीं 'केसरी' सोडला व १८८८ सालीं 'सुधारक' काढला. चिडलेल्या लोकांनीं त्यांच्या जिवंतपणींच त्यांची प्रेतयात्रा काढली. तरी त्यांची लेखणी थांबली नाहीं. दम्यानें शरीर पोखरलें होतें. पत्नी यशोदाबाईंसहि या व्रताची झळ सोसावी लागली. १८९२ पासून ते फर्ग्युसनचे प्रिन्सिपॉल होते. १७ जून १८९५ रोजीं, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षीं, त्यांचा अंत झाला.

विद्यार्थिमित्रहो, प्रत्येकानें पगारावर पाणी सोडावें असें आम्ही म्हणत नाहीं. घरची चूल पेटती ठेवणें हेंहि कर्तव्यच आहे. परंतु जी वाट धराल ती विचारपूर्वक धरा, घरच्यांस ती उघडपणें सांगा, आणि तिचे कांटे स्वतःच्या पायांनीं तुडवा. आणि पालकहो, आपल्या मुलाकडून असें एखादें पत्र आलेंच, तर रागावण्यापूर्वीं तें एकवार शेवटपर्यंत वाचा, एवढीच आमची विनंती.