पटावरून गळालेली नावे

प्रवेशाचा हंगाम आला की भाईंदरजवळच्या मुर्ध्यापासून पुण्याच्या पेठांपर्यंत पालक खासगी शाळांची चौकशी करू लागतात. शुल्क, निकाल आणि घरापासूनचे अंतर पाहिले जातेच. पण त्या शाळेविषयी लोक काय बोलतात, याचाही कानोसा घेतला जातो. एखाद्या शाळेचे नाव वर्तमानपत्रांतील वादात सापडले, की त्याचा परिणाम सर्वप्रथम तिच्या पटावर दिसतो. ही रीत आजकालची नाही. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी, १८९३ साली, पुण्यातील एका खासगी शाळेने तिचा पुरेपूर अनुभव घेतला. ती शाळा म्हणजे शारदा सदन आणि तिच्या संस्थापिका पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे वेदशास्त्रसंपन्न होते. पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविल्याबद्दल त्यांना स्वजातीयांचा रोष सहन करावा लागला होता. लक्ष्मीबाईंनीच रमाबाईंना संस्कृतचे पाठ दिले. पुराणे सांगत तीर्थयात्रा करणाऱ्या या कुटुंबाची १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात वाताहत झाली. आईवडील आणि थोरली बहीण गेली. रमाबाई आणि बंधू श्रीनिवास हे दोघेच उरले. पायी देशभर भटकत ही भावंडे १८७८ साली कोलकात्याला पोहोचली. तेथील विद्वानांनी विशीतील या तरुणीला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पुढे बंधूंचे निधन झाले. १८८० साली त्यांनी जातीची बंधने झुगारून बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. दोन वर्षे होण्याच्या आतच पटकीने पतीचा मृत्यू झाला आणि तान्ह्या मनोरमेला घेऊन रमाबाई १८८२ साली पुण्यात आल्या.

पुण्याने त्यांचे स्वागत केले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आदी सुधारक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. आर्य महिला समाजाची स्थापना झाली. ‘स्त्री धर्म नीति’ हे पुस्तक त्याच वर्षी निघाले. हंटर आयोगापुढे रमाबाईंनी साक्ष दिली आणि स्त्रियांसाठी स्त्री-शिक्षक व स्त्री-डॉक्टर तयार व्हावेत, अशी मागणी केली. पुढील वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात खळबळ उडाली. स्वागत करणाऱ्यांपैकी अनेकांनी पाठ फिरविली. महात्मा जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. शाळा काढण्यापूर्वीच रमाबाईंच्या नावाला वाद चिकटला होता, ही गोष्ट पुढील घटनांच्या संदर्भात विसरून चालत नाही.

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे तेथे राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ साली प्रसिद्ध झाले. गावोगावच्या व्याख्यानांतून लोकांना बालविधवांचे हाल कळले. त्याच वर्षाअखेर बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. विधवांच्या शाळेचा खर्च दहा वर्षे चालविण्याची हमी या संस्थेने दिली. शाळेत कोणत्याही धर्माची शिकवण द्यावयाची नाही, असे ठरले होते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. गोदूबाई ही बालविधवा पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक होती. हिंदू घराने आपली विधवा मुलगी एका ख्रिस्ती स्त्रीच्या हवाली करणे ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. ते घडले याची कारणे दोन. मुलींना आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती. सोवळ्याओवळ्याची आणि ब्राह्मण स्वयंपाक्याची सोय होती. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे होते. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळात होती. पालकांचा विश्वास रमाबाईंवर जितका होता, त्याहून अधिक या नावांवर होता. १८९० च्या अखेरीस सदन पुण्यात आले आणि विद्यार्थिनींची संख्या वाढू लागली.

कुरबुरी मात्र सुरुवातीपासून होत्या. सदनात ख्रिस्ती धर्माचा प्रसार होतो, असे आक्षेप वृत्तपत्रांतून येत राहिले आणि लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ने हा विषय लावून धरला. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत. खोलीचे दार त्या लावून घेत नसत. हळूहळू काही विद्यार्थिनी आपण होऊन तेथे जाऊन बसू लागल्या. सर्व वादाचे मूळ या उघड्या दारात होते. कोणत्याही मुलीला आपण बोलावत नाही आणि आलेल्या मुलीला घालवून देणार नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. सल्लागारांना ती मान्य होण्यासारखी नव्हती. ज्या मुलींना संस्थेखेरीज आधार नाही, त्यांच्या इच्छेला स्वतंत्र इच्छा मानता येत नाही. पालकांनी त्यांना विद्येसाठी पाठविले आहे, धर्म बदलण्यासाठी नव्हे, हा त्यांचा युक्तिवाद होता. दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या आणि म्हणूनच तडजोड निघाली नाही.

ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सदनाशी असलेला संबंध तोडल्याचे जाहीर केले. विरोधकांची टीका पालकांनी आजवर ऐकून सोडून दिली होती. खुद्द पाठीराख्यांनीच हात काढून घेतल्यावर मात्र धीर सुटला. सुमारे २५ मुलींना पालकांनी काढून घेतले. थोडक्या विद्यार्थिनींच्या त्या वसतिगृहाच्या दृष्टीने हा आकडा मोठा होता.

या मुली दुसऱ्या शाळेत गेल्या असत्या, तर ही घटना संस्थेच्या नुकसानीपुरती राहिली असती. परंतु पुण्यात मुलींची शाळा असली, तरी विधवेला राहून शिकता येईल अशी दुसरी जागा तेव्हा नव्हती. बहुतेकींच्या वाट्याला पुन्हा घरचे स्वयंपाकघर आणि विधवेचे जिणे आले असणार. वादात सदनाची बाजू रमाबाईंनी मांडली, पालकांची बाजू सुधारकांनी आणि धर्माची बाजू वृत्तपत्रांनी. ज्यांची पाटीपुस्तके सुटली, त्या मुलींचे म्हणणे जाहीरपणे कोणी विचारल्याचे दिसत नाही.

रमाबाई डगमगल्या नाहीत. बॉस्टनच्या संस्थेने मदत चालू ठेवली आणि सदनही चालू राहिले. पुढील काळात काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला आणि विरोधकांचा संशय खरा ठरल्याची भावना पुण्यात पक्की झाली. प्रतिष्ठित घरांचे दरवाजे सदनाला जवळजवळ बंद झाले. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना व विधवांना घेऊन आल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेगने थैमान घातले आणि शहरात इतक्या मुली ठेवणे अशक्य झाले. पुण्याच्या पूर्वेस रेल्वेमार्गावरील केडगाव येथे घेतलेल्या शेतजमिनीवर मुलींची सोय करण्यात आली. मुक्ती सदन उभे राहिले ते असे. दहा वर्षांचा करार १८९८ मध्ये संपल्यावर तटस्थतेचे बंधनही उरले नाही आणि संस्था उघडपणे ख्रिस्ती झाली. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील मुलींची व स्त्रियांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

म्हणजे पट ओस पडला नाही. उलट तो कित्येक पटींनी वाढला. बदलली ती पटावरची नावे. सदनाच्या प्रारंभी ज्या घरांतून मुली येत, त्या घरांना निवड करण्याची मुभा होती आणि वाद होताच त्यांनी ती वापरली. केडगावला आलेल्या मुलींपुढे निवडीचा प्रश्नच नव्हता. दुष्काळाने ज्यांचे घरदार नेले, त्यांना शाळेच्या लौकिकाची चौकशी करण्याची चैन परवडणारी नव्हती. उच्चवर्णीय विधवांसाठी काढलेली शाळा जातिभेद न मानणारा अनाथांचा मोठा आश्रम झाली, याला रमाबाईंची श्रद्धा जशी कारण झाली, तसा १८९३ चा वादही कारण झाला.

ज्यांना निवड होती, त्यांच्यासाठी वेगळी वाट निघाली आणि तिचा उगम शारदा सदनातच होता. गोदूबाईंनी मार्च १८९३ मध्ये, म्हणजे हे वादळ उठण्यापूर्वी काही महिने, फर्ग्युसन महाविद्यालयातील प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला होता. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो हिंगण्याला नेला. शारदा सदनाचे जे झाले ते त्यांच्या डोळ्यांसमोर होते. स्वतः पुनर्विवाह करूनही त्यांनी आश्रम पुनर्विवाहाच्या चळवळीपासून अलग ठेवला, कारण पालक बिथरले तर मुली येणार नाहीत, हे ते ओळखून होते. गोदूबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले त्या आश्रमात शिकल्या आणि पुढे त्याच्यासाठी निधी गोळा करीत फिरल्या. १९१६ साली महिला विद्यापीठ निघाले, त्याचा पाया या आश्रमात होता. धीमेपणाने टाकलेल्या त्या पावलांना एक किंमतही होती. जे रमाबाई उघडपणे बोलत, त्यातील बरेचसे कर्व्यांना मनात ठेवावे लागले.

रमाबाईंची उत्तरायुष्यातील वर्षे केडगावी बायबलचे मराठी भाषांतर करण्यात गेली. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. संस्थेची धुरा जिच्याकडे जावयाची, ती कन्या मनोरमा जुलै १९२१ मध्ये निवर्तली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचेही निधन झाले. त्यांचे मुक्ती मिशन केडगावात आजही चालू आहे आणि कर्व्यांची संस्था पुण्याच्या कर्वेनगरात. एकाच वादाने वेगळ्या झालेल्या या दोन वाटांवरून पुढे हजारो मुली शिकल्या. १८९३ च्या पावसाळ्यात सदनातून घरी नेलेल्या त्या मुलींच्या वाट्याला मात्र या दोन्ही वाटा वेळेवर आल्या नाहीत.