स्वयंपाकाचा कंटाळा असलेला ब्रदर लॉरेन्स, ज्याने मठाचं स्वयंपाकघरच प्रार्थनेची जागा केली

ख्रिस्ती मठ म्हटलं की मौन, मेणबत्त्या आणि जाडजूड ग्रंथ डोळ्यांसमोर येतात. पण 17 व्या शतकातल्या पॅरिसच्या एका मठातला जो माणूस आजही वाचला जातो, त्याची कितीतरी वर्षं चुलीपुढे गेली. आणि गंमत म्हणजे त्याला स्वयंपाकाची मनापासून नावड होती.

त्याचं मूळ नाव निकोलस हर्मन. जन्म 1614 च्या सुमारास, लॉरेन प्रांतातल्या एका खेड्यात. घरची गरिबी, शिक्षण बेताचंच. 18 वर्षांचा असताना हिवाळ्यात त्याला एक निष्पर्ण झाड दिसलं. काही दिवसांनी याला पालवी फुटेल, मग फुलं येतील, फळं येतील, एवढाच विचार मनात आला. पण त्यातून देवाची जी ओढ लागली ती कायमची.

लगेच मठात गेला असं मात्र झालं नाही. युरोपात तेव्हा तीस वर्षांचं युद्ध पेटलं होतं आणि निकोलस सैनिक होता. एकदा जर्मन सैनिकांनी हेर समजून पकडलं, फाशीची धमकी दिली, त्यातून कसाबसा सुटला. पुढे स्वीडिश सैन्याशी झालेल्या लढाईत जखमी झाला आणि पाय अधू झाला. मग एका बड्या अधिकाऱ्याकडे नोकर म्हणून राहिला. तिथे त्याची ख्याती काय, तर हातात येईल ते फोडणारा धांदरट!

1640 मध्ये तो पॅरिसच्या कार्मेलाईट मठात दाखल झाला आणि ब्रदर लॉरेन्स झाला. शिकलेले फादर मिस्सा करत, प्रवचनं देत. ब्रदर मंडळींच्या वाट्याला अंगमेहनतीची कामं. लॉरेन्सला स्वयंपाकघर मिळालं आणि तिथे त्याने सुमारे 15 वर्षं काढली.

बाहेरून सगळं शांत दिसत होतं. आत मात्र सुरुवातीची जवळपास 10 वर्षं हाल होते. जुनी पापं डोक्यातून जात नव्हती. आपण नरकातच जाणार अशी त्याची खात्री झाली होती, आणि हे भय सुमारे 4 वर्षं टिकलं. शेवटी त्याने त्या भीतीशी भांडणंच सोडलं. पुढे काहीही होवो, जिवंत आहोत तोवर देवावर प्रेम करायचं, एवढं ठरवलं. हा त्रास आता आयुष्यभर राहणार असं मान्य केलं, आणि मग तो ओसरला.

त्याची रीत साधी होती, सोपी नव्हती. काम सुरू करताना देवाला दोन शब्द सांगायचे. करताना मध्येमध्ये त्याच्याशी बोलत राहायचं. चुकलं तर कबूल करायचं आणि तिथेच न रेंगाळता पुढच्या कामाला लागायचं. तव्यावरचं ऑम्लेट उलटायचं तेही देवासाठी, आणि जमिनीवरची काडी उचलायची तीही देवासाठीच. प्रार्थनेची ठरलेली वेळ आणि भांड्यांच्या गोंगाटातली वेळ यांत त्याला पुढे फरक वाटेनासा झाला. मठासाठी वाईन खरेदी करायला त्याला बरगंडीला पाठवत. व्यवहारात कच्चा, त्यात पाय अधू, त्यामुळे बोटीवर पिंपांवरून अक्षरशः लोळत पुढे सरकायचा. पण हेही काम देवाचंच, असं म्हणून निघायचा.

पुढे स्वयंपाकघर सुटलं आणि मठातल्या सँडल दुरुस्तीचं काम आलं. तोवर सल्ला विचारणाऱ्यांची पत्रं येऊ लागली होती. एका सैनिकासाठी त्याने कळवलं होतं की हातात तलवार घेऊन कूच करतानाही क्षणभर देवाची आठवण पुरते. 12 फेब्रुवारी 1691 रोजी तो वारला.

त्याने स्वतः पुस्तक काढलं नाही. 1666 पासून त्याला भेटणाऱ्या जोसेफ द बोफोर या धर्मगुरूने त्याची पत्रं आणि आपल्या गप्पांच्या नोंदी 1692 आणि 1694 मध्ये छापल्या. पण लवकरच फ्रेंच चर्चमध्ये शांत, निःशब्द प्रार्थनेवरून मोठा वाद पेटला. लॉरेन्सला मानणारे आर्चबिशप फेनेलाँ त्यात अडकले आणि 1699 मध्ये पोपने त्यांच्या पुस्तकातली मतं निषिद्ध ठरवली. या गडबडीत कॅथलिक फ्रान्समध्ये ब्रदर लॉरेन्स मागे पडला. त्याला उचलून धरलं ते इंग्रजी बोलणाऱ्या प्रोटेस्टंटांनी. मेथडिस्ट पंथाचे जॉन वेस्ली यांनी आपल्या अनुयायांसाठी काढलेल्या ग्रंथमालेत या कॅथलिक आचाऱ्याचाही समावेश केला.