बिनपगारी बाई आणि जादूचे आकडे

२, ८, २०, २८, ५०, ८२, १२६. मित्रांनो, हे मेसच्या बिलाचे आकडे नाहीत. अणुकेंद्रात एवढे प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन असले की ते विशेष स्थिर असतं. असं का, हे शोधणाऱ्या बाईंना त्यांचं विद्यापीठ पगारच देत नव्हतं!

मारिया गोपर्ट यांचा जन्म २८ जून १९०६ चा, कॅटोविट्झचा. हे गाव तेव्हा जर्मनीत होतं, आता पोलंडमध्ये आहे. वडील ग्योटिंगेनला बालरोगाचे प्राध्यापक. मारिया गणित शिकायला गेल्या आणि मॅक्स बॉर्न यांच्यामुळे भौतिकशास्त्राकडे वळल्या. १९३० साली डॉक्टरेट मिळाली. अणू एकाच वेळी दोन फोटॉन शोषू शकतो, हा त्यांच्या प्रबंधातला सिद्धांत. तो प्रयोगाने पटायला लेसर यावा लागला, म्हणजे थेट १९६१ साल!

१९३० मध्येच अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ जोसेफ मेयर यांच्याशी लग्न झालं आणि त्या बाल्टिमोरला गेल्या. नवरा प्राध्यापक असेल तर बायकोला तिथे नोकरी नाही, असा तेव्हाचा नियम. १९४६ साली शिकागोला पद मिळालं, तेही बिनपगारी. पगार मिळायचा तो आर्गोन प्रयोगशाळेतल्या अर्धवेळ कामाचा.

तिथे जादूच्या आकड्यांनी त्यांना पछाडलं. एकदा एन्रिको फर्मी यांनी सहज विचारलं, की यात स्पिन-ऑर्बिट कपलिंगचा काही संबंध दिसतो का? बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हॉलभर गोल फिरणारी वॉल्ट्झची जोडपी डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक जोडी स्वतःभोवतीही फिरते. एका दिशेने फिरणं सोपं, उलट दिशेने जड. केंद्रकातल्या कणांच्या ऊर्जेतही असाच फरक पडतो, त्यातून कवचं तयार होतात आणि सगळे आकडे बरोबर जमतात. १९४९ साली जर्मनीत येन्सेन आणि सहकाऱ्यांनाही स्वतंत्रपणे हेच सापडलं. हेवेदावे राहिले बाजूला, १९५५ मध्ये मेयरबाई आणि येन्सेन यांनी मिळून पुस्तक लिहिलं.

पूर्ण पगाराचं प्राध्यापकपद मिळालं १९६० साली, सॅन डिएगोला. वय ५४. लगेचच पक्षाघाताचा झटका आला, तरी काम सुटलं नाही. १९६३ चं भौतिकशास्त्राचं अर्धं नोबेल विग्नर यांना आणि उरलेलं अर्धं मेयरबाई व येन्सेन यांना मिळालं. २० फेब्रुवारी १९७२ रोजी त्या गेल्या.

गोष्ट इथे संपत नाही. न्यूट्रॉन खच्चून भरलेल्या केंद्रकांत हे आकडे डळमळतात. मॅग्नेशियम-३२ मध्ये २० ची जादू चालत नाही. सर्नमध्ये लेसरने कॅल्शियमच्या केंद्रकांचा आकार मोजला, तेव्हा २०१६ साली कॅल्शियम-५२ अपेक्षेपेक्षा मोठं निघालं. का? उत्तर शोधणं चालूच आहे.

बाई विद्यापीठात वर्षानुवर्षं बिनपगारी राबल्या, याचं कौतुक करू नका. ती लाज त्या नियमांची. कौतुक करायचं तर त्या प्रश्न सोडत नव्हत्या, याचं करा.