अभियंता विश्वेश्वरय्या

मोक्षगुंडम हे आंध्रातील एका खेड्याचे नाव. त्या गावाहून म्हैसूर संस्थानात येऊन स्थायिक झालेल्या एका विद्वान परंतु निर्धन घराण्यात, मुद्देनहळ्ळी येथे, १५ सप्टेंबर १८६१ रोजी विश्वेश्वरय्या यांचा जन्म झाला. त्यांचे वडील श्रीनिवासशास्त्री संस्कृतचे पंडित होते. परंतु ते लवकरच निवर्तले आणि शिक्षणाचा भार त्या लहान मुलावरच येऊन पडला. तो बंगळूरला मामांच्या आश्रयास गेला. एका सधन कुटुंबातील मुलांना शिकवावे व उरलेल्या वेळात आपला अभ्यास करावा, असा क्रम त्याने चालविला आणि १८८१ साली तो बी. ए. झाला.

पदवी मिळताच नोकरी धरावी आणि घराला हातभार लावावा, हाच त्या परिस्थितीत सरळ मार्ग होता. परंतु विश्वेश्वरय्यांच्या मनात स्थापत्यशास्त्र शिकावयाचे होते, आणि ते शिकविणारे महाविद्यालय म्हैसूर संस्थानात नव्हते. संस्थानाने त्यांना शिष्यवृत्ती दिली आणि ते पुण्यास कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले. ही संस्था १८५४ साली बांधकाम खात्यासाठी दुय्यम नोकर तयार करणारा एक वर्ग म्हणून सुरू झाली होती. पुढे ती मुंबई विद्यापीठास जोडली गेली व कालांतराने पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून नावारूपास आली. जमिनीची मोजणी, दगड-चुन्याचे बल, वाहत्या पाण्याचा वेग, भिंतीवर येणारा दाब असे विषय तेथे शिकावे लागत. परक्या गावी, शिष्यवृत्तीच्या आधारावर शिकणाऱ्या त्या विद्यार्थ्याला नापास होणे परवडणारे नव्हते. १८८३ साली स्थापत्याच्या अंतिम परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले. बोरघाटातून आगगाडीचा मार्ग नेणारे जेम्स बर्कले यांच्या नावाचे पारितोषिकही त्यांना मिळाले. पुढील वर्षी मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून त्यांची नाशिक येथे नेमणूक झाली.

परीक्षा संपली, तरी अभ्यास संपला नाही. खानदेशात धुळ्याजवळ पांझरा नदीच्या पात्राखालून पाण्याचा नळ न्यावयाचा होता. पावसाळा सुरू झाला. पुराबरोबर वाळू येई आणि केलेले काम बुजून जाई. पाऊस सरल्यावर हे काम करावे, असे या तरुण अभियंत्याने सुचविले. पण वरिष्ठांना ते रुचले नाही. मग त्यांनी पुराशी झगडत तेच काम तडीस नेले. पुढे सिंधमधील सक्कर शहरात सिंधू नदीचे गढूळ पाणी गाळण्याचा प्रश्न आला. मोठी गाळणकुंडे बांधण्याइतका पैसा नगरपालिकेजवळ नव्हता. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खणविली. वाळूतून झिरपून येणारे पाणी आपोआप निवळ होई. तेच टेकडीवर चढवून शहराला पुरविण्यात आले.

परंतु त्यांच्या बुद्धीची खरी कसोटी लागली ती पुण्याजवळ, खडकवासल्याच्या धरणावर. मुठा नदीवरील या तलावाचे पाणी पुण्यास आणि कालव्यांवरील शेतीस मिळे. उन्हाळ्यात ते पुरत नसे. पावसाळ्यात मात्र तलाव भरून हजारो घनफूट पाणी सांडव्यावरून वाहून जाई. सांडवा म्हणजे जादा पाणी सुरक्षितपणे बाहेर पडावे म्हणून ठेवलेली धरणाची सखल बाजू. धरणाची भिंत उंच करावी, तर जुन्या बांधकामावर व पायावर अधिक भार येणार. सांडव्यावर पक्की भिंत घालावी, तर मोठ्या पुराला वाट उरणार नाही आणि सारे धरणच धोक्यात येईल. दारे बसवून ती माणसांकरवी उघडावीत, तर मध्यरात्री मुसळधार पावसात अकस्मात चढणाऱ्या पाण्यापुढे माणूस कितपत पुरा पडणार? थोडक्यात, अडथळा हवा होता आणि वेळेवर तो दूरही व्हावयास हवा होता.

यावर विश्वेश्वरय्यांनी तोड काढली. सांडव्यावर त्यांनी लोखंडी दारे बसविली आणि तरंगणाऱ्या भांड्यांशी व समतोल राखणाऱ्या वजनांशी ती जोडली. पाणी ठरावीक पातळीपर्यंत अडून राही. त्यापुढे चढू लागले की त्या पाण्याच्याच बळाने दारे उघडत, आणि पूर ओसरला की पुन्हा मिटत. १९०३ साली ही दारे खडकवासल्यास बसली. सुमारे आठ फूट अधिक पाणी साठू लागले आणि धरणाची भिंत न वाढविता साठा जवळजवळ चौथाईने वाढला. पुढे ग्वाल्हेरजवळ तिग्रा येथे व म्हैसूर राज्यातील कृष्णराजसागर धरणावरही अशी दारे बसविण्यात आली. या शोधाचे हक्क त्यांच्या नावे होते. तथापि नोकरीत असताना केलेल्या कामाचा मोबदला घेण्याचे त्यांनी नाकारले.

१९०६ साली त्यांना एडनला पाठविण्यात आले. तेथे पिण्याचे पाणी समुद्राच्या पाण्याची वाफ करून मिळवावे लागे. वऱ्हाडात अंजनगाव सुर्जीच्या दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला आहे. विहिरीला पाणी लागूनही तहान भागत नाही, याचा अर्थ तेथील मुलांना वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. एडनच्या उत्तरेकडील लाहेज भागात नदीच्या वाळूखाली गोडे पाणी असते. ते शहरात आणण्याची योजना त्यांनी मांडली. सक्करचा धडा येथे उपयोगी पडला.

१९०८ साली मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद शहराची दैना केली, तेव्हा पुरापासून बचावाची योजना आखण्याचे काम त्यांच्याकडे आले. १९०९ साली ते म्हैसूरचे मुख्य अभियंता व १९१२ साली दिवाण झाले. ज्या संस्थानात स्थापत्यशास्त्र शिकण्याची सोय नव्हती, तेथे त्यांच्या दिवाणगिरीत १९१६ साली विद्यापीठ आणि १९१७ साली बंगळूर येथे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. १९५५ साली त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे नवे धरण फुटले. त्याच्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने धरणही तुटले आणि पुणे शहरात पाणी शिरले. विश्वेश्वरय्या त्या वेळी शंभरीच्या घरात होते. १४ एप्रिल १९६२ रोजी बंगळूर येथे त्यांचे निधन झाले. खडकवासल्याचे धरण पुढे पुन्हा बांधण्यात आले.